पितळी गोळा, नऊ चकत्या आणि माळकरी आजेसासरे

मिरजेच्या ताई, तुमचं पत्र आणि फोटो मिळाले. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या सासरी माळा साफ करताना ट्रंकेत एक लाकडी पेटी सापडली, आत निळं मखमल आणि त्यात प्रत्येक वस्तूच्या मापाची खाच. एक लिंबापेक्षा जरा मोठा पोकळ पितळी गोळा, त्याच्या वर चपटी काडी, काडीवर ० ते १० आकडे आणि दोन आकड्यांच्या मध्ये बारीक रेघा. गोळ्याच्या खाली बारीक दांडा आणि टोकाला थेंबासारखं भरीव वजन. नऊ चकत्या, प्रत्येकीला एका बाजूनं चीर, त्यांवर १०, २०, ३० करत ९० पर्यंत आकडे. एक छोटंसं चौकोनी टोपण, पांढऱ्या पट्टीवर बसवलेलं थर्मामीटर, आणि नुसत्या आकड्यांच्या रकान्यांची एक वही जिची पहिली पानं गेलीत. झाकणाच्या आत नावाची पट्टी असणार पण ती गेली, स्क्रूची भोकं तेवढी राहिलीत. वहीत एक रिकामं सरकारी पाकीट, त्यावर छापलंय ‘दक्षिण सातारा’. हे काय आहे आणि आजेसासऱ्यांकडं कशासाठी होतं, हा ताईंचा प्रश्न.

घरात यावरून रोज चर्चासत्र चालू आहे असं दिसतंय. दीर मार्केट यार्डात अडतीवर असतात, ते म्हणतात गुऱ्हाळावर रस तपासायचं यंत्र आहे. सोनार म्हणाला सोन्याचा कस बघायचं असेल, पण चकत्या तोलून बघितल्यावर तोही गोंधळला कारण ६० ची चकती ३० च्या बरोबर दुप्पट भरेना, थोडी जास्तच भरली. भाच्यानं मोबाईलवर फोटो टाकला तर उत्तर आलं की जहाजावरचं काहीतरी. आणि भांड्यांचं पॉलिश करणारा म्हणाला पाचशे रुपयांत चकाचक करून देतो.

तर ताई, हे साईक्सचं हायड्रोमीटर आहे. दारूचा कडकपणा, म्हणजे तिच्यात अल्कोहोल किती ते मोजायचं यंत्र.

आता हे वाचून सासूबाईंचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय, कारण तुम्ही पत्रात दोन वेळा लिहिलंय की आजेसासरे माळकरी होते आणि पंढरीची वारी कधी चुकवली नाही. त्याच्याकडे येतोच, पण आधी मी हे कशावरून म्हणतोय ते बघा, नुसतं माझ्या शब्दावर जाऊ नका.

तुमच्या दिरांनीच सगळ्यात चांगला पुरावा दिलाय आणि त्यांना तो कळलेला नाही. त्यांनी गोळा बादलीत सोडला, तर म्हणे काडी तर सगळी वर राहिलीच पण गोळ्याचा माथापण पाण्याबाहेर डोकावत राहिला, म्हणजे यंत्र बिघडलंय. अहो बिघडलेलं असतं, म्हणजे गोळ्याला कुठं भोक असतं, तर पाणी शिरून तो तळाला गेला असता. तो वर राहतो कारण तो पाण्यासाठी बनवलेलाच नाही, पाण्यापेक्षा हलक्या पातळ पदार्थासाठी बनवलाय. शुद्ध अल्कोहोलची घनता पाण्याच्या सुमारे ०.७९ पट असते. अशा हलक्या द्रवात हाच गोळा गपकन खाली जातो आणि काडी बुडेपर्यंत बुडतो. दारूत पाणी जितकं जास्त तितका द्रव जड आणि तितका गोळा वर येतो. वर येऊन काडी संपली की मग एक चकती खालच्या दांड्यात अडकवायची, की तो पुन्हा खाली जातो आणि काडी पुन्हा ० पासून वापरता येते. चकत्यांना चीर आहे ती त्यासाठी. एका वेळी एकच चकती लावायची.

मग गुळाचं का नाही? उसाचा रस पाण्यापेक्षा जड असतो, चांगल्या गोड रसाची घनता १.०७-१.०८ च्या घरात जाते, काकवी तर विचारूच नका. दूधसुद्धा १.०३ च्या आसपास. तुमच्या पेटीतली सगळ्यात जड चकती ९० ची, ती लावून गोळा साध्या पाण्यात सोडा, पाणी काडीच्या तळाशी १० च्या जवळपास येईल, आपल्याकडच्या उन्हाळ्यात किंचित अलीकडे. म्हणजे ९० अधिक १०, शंभर, आणि तिथं हे यंत्र संपलं. रसात सोडलं तर ९० लावूनसुद्धा काडी उघडीच राहणार, वाचायला काही मिळणारच नाही. रसासाठी ब्रिक्सचं हायड्रोमीटर वेगळं, दुधाचा लॅक्टोमीटर वेगळा, आणि दोन्ही साधारण काचेचे असतात. बिअरवाल्यांचं एक पितळी यंत्र मात्र अगदी ह्याच तोंडवळ्याचं असतं, वजनंबिजनं सगळं, त्यात जाणकारही फसतात, पण ते बिनवजनाचं पाण्यात सोडलं तर शून्याला उभं राहतं, तुमच्यासारखं माथा वर काढत नाही. तेव्हा बादलीनंच निकाल लावला म्हणायचा.

सोनाराचं कोडंपण इथंच सुटतं. चकत्यांवरचे आकडे वजनाचे नाहीतच, ना ग्रॅम ना तोळे. ते आकडे मोजपट्टीचे आहेत, काडीवरच्या आकड्यात मिळवायचे. समजा ६० ची चकती लावलीय आणि काडीवर ४.२ ला द्रवाची पातळी आली तर वाचन ६४.२. प्रत्येक पुढच्या टप्प्याला गोळ्याला तेवढंच खाली न्यायला आधीपेक्षा जरा जास्त वजन लागतं, म्हणून ६० ही ३० च्या दुपटीपेक्षा थोडी जड. सोनारानं तोललं बरोबर, त्याचा काटा चोख आहे.

आता ते चौकोनी टोपण, जे तुम्हाला पेटीच्या कुलपाचं वाटलं. मला ह्या सगळ्या सेटमध्ये तेच सगळ्यात आवडतं. ब्रिटिश कायद्यानं दारूचा एक ठरलेला कडकपणा पकडला होता, त्याला प्रूफ म्हणायचे, आणि त्याची व्याख्या अशी की ५१ डिग्री फॅरनहाइटला तेवढ्या कडक दारूचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या वजनाच्या १२/१३ भरलं पाहिजे. आता गंमत बघा. गोळ्याला ६० ची चकती लावून प्रूफ दारूत सोडला की तो काडीच्या अरुंद कडेवर कोरलेल्या एका रेघेपर्यंत बुडतो (भिंग घेऊन बघा, चपट्या बाजूवर नाही, कडेला आहे). तोच गोळा तसाच पाण्यात त्याच रेघेपर्यंत बुडवायचा असेल तर वजन १३/१२ पट पाहिजे, म्हणजे एक बारांश जास्त. तो एक बारांश म्हणजे ते टोपण. काडीच्या डोक्यावर बसवायचं, पाण्यात सोडायचं, रेघ जुळली तर यंत्र खरं. म्हणजे दारूचा थेंब न लागता नुसत्या पाण्यावर यंत्राची परीक्षा. तुमच्या सासूबाईंच्या देखत करता येईल अशी. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडं मिळतं, ५१ फॅरनहाइट म्हणजे साडेदहा सेल्सियसच्या आसपास, फ्रीजमध्ये ठेवून काढलं आणि जरा वेळ दिला की जमतं, पण गोळा सोडताना हातातून निसटू देऊ नका आणि भांडं काचेचं उंच घ्या म्हणजे बाजूनं बघता येईल.

थर्मामीटर कशाला, तर दारू उन्हानं फुगते, हलकी होते आणि आहे त्यापेक्षा कडक दिसते. एप्रिलमधल्या सांगलीत आणि डिसेंबरच्या सकाळी त्याच पिंपाचं वाचन वेगवेगळं येणार. म्हणून आधी तापमान बघायचं, मग योग्य ती चकती लावून गोळा सोडायचा, काडी बोटानं हलकेच शून्यापर्यंत दाबून सोडायची म्हणजे ती नीट भिजते, डोळा पातळीला आणून आकडा वाचायचा, आणि मग ती वही. वरच्या कडेला तापमान, बाजूला वाचन, दोन्ही जिथं मिळतील तिथं लिहिलेलं असतं की दारू प्रूफच्या किती वर किंवा किती खाली. तुमच्या मुलाला वाटलं तशी ती लॉगॅरिथमची वही नाही. वही जपा, ती नसेल तर गोळ्यावरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी घेणारा असेल तर आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवरचं बारीक लिखाण वाचा. ४२.८ टक्के. हा असा विचित्र आकडा कुठून आला? पूर्ण ४३ का नाही, ४० का नाही? तर प्रूफ दारू म्हणजे आजच्या हिशेबानं आकारमानाला सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल, आणि त्याच्या पंचवीस टक्के खाली आलात, पाऊणपट केलंत, की ४२.८. बाटलीवर बहुतेकदा शेजारीच ७५ डिग्री प्रूफ किंवा २५ यूपी असं लिहिलेलं असतं, म्हणजे प्रूफच्या पंचवीस खाली. तुमच्या पेटीतल्या गोळ्याचा हिशेब अजून दुकानातल्या फळीवर चालू आहे.

हा साईक्स म्हणजे बार्थोलोम्यू साईक्स, इंग्लंडच्या अबकारी खात्यातला अधिकारी. त्याच्या आधी तिकडं क्लार्कचं हायड्रोमीटर चालायचं, त्याला इतकी वजनं होती की वापरणारा वैतागायचा आणि फसवणारा खूश व्हायचा. १८१६ मध्ये पार्लमेंटनं कायदा करून साईक्सचं यंत्र सरकारी माप ठरवलं, तोवर बिचारा साईक्स वारला होता. ते तिकडं १९८० पर्यंत चाललं आणि आपल्याकडं इंग्रजांच्या अबकारीबरोबर आलं. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. दारूवरचा कर नुसत्या गॅलनवर घेतला तर ठेकेदार कडक दारू आणून कर भरणार आणि मग पाणी घालून विकणार, म्हणून कर कडकपणावर लावायचा, आणि कडकपणा मोजायचा तर सगळीकडं एकच यंत्र पाहिजे. गावात ज्याला पहिल्या धारेची म्हणतात ती जिभेवर ओळखणारे पुष्कळ होते, पण जिभेवरून कर लावता येत नाही.

आणि इथंच तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे ताई. पेटीत दारू मोजायचं यंत्र सापडलं म्हणून ते दारू प्यायचे किंवा गाळायचे असं होत नाही, उलट पिणाऱ्याला असल्या यंत्राची गरजच काय? चाखायला लागू नये म्हणून तर हे यंत्र. दारूचा थेंब जिभेला न लावता तिचं सगळं सांगू शकणारा माणूस माळकरी असेल तर त्याच्याइतका सोयीचा अंमलदार सरकारला कुठून मिळणार? असली पेटी अबकारी किंवा दारूबंदीच्या इन्स्पेक्टरकडं असते, बाँडच्या गोदामावर (कर भरेपर्यंत दारू सरकारी ताब्यात ठेवतात तिथं) असते, मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याच्या केमिस्टकडं असते. यातलं आजेसासऱ्यांचं कुठलं ते मी फोटोवरून ठरवणार नाही, आणि तुमचे चुलत सासरे म्हणतात तसे ते ‘मामलेदार कचेरीत होते’ यावरही फार विसंबू नका, आपल्याकडं कुठल्याही सरकारी नोकरीला घरचे लोक कचेरीच म्हणतात.

पाकिटाचा मात्र उपयोग आहे. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये झाला, सांगली, मिरज, जत ही संस्थानं विलीन झाल्यावर, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे ते पाकीट १९४९ च्या आधीचं असूच शकत नाही. नंतरचं असू शकतं, जुनी स्टेशनरी संपेपर्यंत वापरायची ही सरकारी रीत तुम्हाला माहितीच आहे. आणि १९४९ म्हणजे मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात बंदी लागू. दारूबंदी असली तरी अल्कोहोल बंद होत नाही, औषधांना लागतो, आसव-अरिष्टांत असतो, फ्रेंच पॉलिशला लागतो, आणि त्यातला कुठला कुठं जातो ह्यावर खात्याला डोळा ठेवावा लागतो. तेव्हा मोजणी चालूच होती. पेटी स्वतः पाकिटापेक्षा बरीच जुनी असू शकते, यंत्रं एका साहेबाकडून दुसऱ्याकडं चार्जमध्ये जायची.

शोधायचंच असेल तर घरात पेन्शनची ऑर्डर किंवा सर्व्हिस बुकाचा एखादा कागद असतोच, सहसा देवघराच्या खालच्या कप्प्यात नाहीतर बँकेच्या जुन्या पासबुकांत. त्यावर खात्याचं नाव आणि हुद्दा मिळेल. गोळ्यावर आणि चकत्यांवर भिंगानं बघा, एक अनुक्रमांक ठोकलेला असतो आणि तो सगळ्यांवर एकच पाहिजे. कुठल्या चकतीवर वेगळा आकडा निघाला तर ती दुसऱ्या सेटमधून आलेली. बाणाच्या टोकासारखी खूण दिसली तर वस्तू सरकारी मालकीची होती, बहुतेक जुनी झाल्यावर लिलावात किंवा मोडीत गेली.

आता पॉलिश. अजिबात नाही. पितांबरी नाही, चिंच नाही, लिंबू नाही, ब्रासो तर नाहीच. अशा गोळ्यांवर बऱ्याचदा सोन्याचा पातळ मुलामा असतो, तुमच्या फोटोत काडीच्या मुळाशी जी पिवळी झळाळी दिसतेय ती मला तशीच वाटतेय, आणि ती एकदा घासली की गेली. दुसरं म्हणजे हे यंत्र वजनावर चालतं, घासून धातू गेला की गोळा हलका होतो, वर तरंगतो, आकडा जास्त येतो आणि दारू आहे त्यापेक्षा पातळ दिसते. पॉलिशवाल्याच्या पाचशे रुपयांत तुमच्या पेटीचं खरेपण जाईल. जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा घ्या, कोरड्यानं पुसा, हिरवा गंज कुठं फुगलेला दिसला तर हात न लावता तसाच ठेवा. मखमलीवर डांबरगोळ्या टाकू नका.

थर्मामीटरमध्ये पारा आहे. लहान मुलं घरात आहेत असं लिहिलंयत, तर ते कपाटात वरच ठेवा. फुटलंच तर झाडूनं किंवा व्हॅक्यूमनं गोळा करायला जाऊ नका, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, जाड कागदाच्या कडेनं थेंब एकत्र करून झाकणाच्या बरणीत भरा, आणि त्याआधी हातातल्या सोन्याच्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा कारण पारा सोन्याला धरतो. सोनार तुम्हाला ह्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

त्या थर्मामीटरची पांढरी पट्टी मात्र मला जरा काळजीची वाटते. ती हाडाची असेल, आणि हस्तिदंतीपण असू शकते, जुन्या सेटमध्ये हस्तिदंत सर्रास वापरायचे. भिंगाखाली लांबीत बारीक लाटांसारखे धागे दिसतात का बघा, आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते का बघा. सुई तापवून टोचायचा यूट्यूबवरचा प्रयोग करू नका. हस्तिदंत निघालं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते विकता येत नाही, कुठल्या वेबसाईटवर फोटो टाकून किंमत विचारणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. भाच्याला सांगा तो फोटो काढून टाक. आणि वारशानं आलेलं असलं तरी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन लेखी विचारून घ्या.

विकायचं म्हणाल तर अजून एक कायदा आहे, पुरावशेषांचा, तोही १९७२ चाच. शंभर वर्षांवरची वस्तू त्यात येऊ शकते, ती परदेशी पाठवायला बंदी आणि तिचा धंदा करायला लायसन्स लागतं. तुमची पेटी शंभरीच्या अलीकडची की पलीकडची हे बनवणाऱ्याचं नाव सापडलं तर कळेल. लंडनमध्ये ड्रिंग अँड फेज, जोसेफ लाँग, बेट अशी यंत्रं करणारी मंडळी होती. गोळ्यावर, काडीवर, थर्मामीटरच्या मागं, कुठंही नाव असू शकतं.

माझा सल्ला विचारलात तर विकू नका, आणि पॉलिशवाल्याला किंवा भंगारवाल्याला दाखवूही नका, कारण त्याला त्यात किलोवर जाणारं पितळ दिसतं. सुट्ट्या चकत्या नातेवाईकांत आठवण म्हणून वाटायचा जो विचार सुरू आहे तो तर आधी बंद करा. दिरांना ६० ची, नणंदेला ३० ची असं केलंत तर उरलेला गोळा शोपीस होईल. द्यायचीच झाली तर सगळी पेटी वही-पाकिटासकट एकाच ठिकाणी द्या. विलिंग्डनसारख्या जुन्या कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये विचारा, मुलांना घनता शिकवायला ह्याहून चांगली वस्तू नाही. औंधचं भवानी संग्रहालय आहे, पुण्याचं केळकर संग्रहालय आहे, तिथं आधी फोन करून घेतात का ते विचारा, पेटी उचलून थेट जाऊ नका.

वहीच्या मधल्या कुठल्यातरी पानाचा आणि चकत्यांच्या मागच्या बाजूचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा, फ्लॅश मारू नका. आणि सासूबाईंना ते टोपणाचं प्रात्यक्षिक जरूर दाखवा.